पेन्सिल सेल जातो कुठे? मुंबई उपनगरांतील ई-कचऱ्याचा इतिहास

१/१४
भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपला की आपण तो कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि विसरतो. तो पुढे कोठे जातो? मुंबईच्या उपनगरांपुरते या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की सव्वाशे वर्षांचा इतिहास उलगडतो. देवनार, मुलुंड, गोराई, मालाड, साकीनाका हे त्यातील टप्पे. क्रमाने पाहू.

२/१४
१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. शहरातील घाण शहराबाहेर नेलीच पाहिजे, हा विचार त्यानंतर पक्का झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेंबूरजवळील देवनारची दलदलीची जमीन त्यासाठी घेण्यात आली आणि कचरा रेल्वेने तेथे जाऊ लागला. देवनार तेव्हा मुंबईत नव्हते. कचऱ्याची जागा वेशीबाहेर, हा संकेत असा रूढ झाला.

३/१४
पुढे वेसच सरकली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आली. फेब्रुवारी १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. नव्या क्षेपणभूमी कोठे निघाल्या? साठच्या दशकाच्या अखेरीस मुलुंडला आणि १९७२ मध्ये बोरिवलीजवळ गोराईला. जो भाग महानगरात सर्वांत उशिरा आला, त्याच्याच वाट्याला महानगराचा कचरा आला.

४/१४
१९७२ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारे ‘सीप्झ’ उभे राहिले. नावात सांताक्रूझ असले, तरी ते आहे अंधेरी पूर्वेला. इलेक्ट्रॉनिक युग आणि गोराईची क्षेपणभूमी उपनगरांत जवळजवळ एकाच वेळी अवतरली.

५/१४
या वस्तूंच्या पोटात काय असते? जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेत आणि डाखकामात शिसे. निकेल-कॅडमियम बॅटरीत कॅडमियम. सेलच्या आतील जस्त गंजू नये म्हणून पूर्वी अल्प प्रमाणात पारा मिसळत. वापर चालू असताना हे सारे बंदिस्त असते. सेल कुजट ओलाव्यात पडून गंजला, की त्यातील धातू पाण्यात उतरू लागतात.

६/१४
आपल्याकडे वस्तू परत वापरात आणण्याची परंपरा नव्हती, असे मात्र नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला ही आपली जुनी पुनर्वापर-यंत्रणाच. मोटारीची बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकत नसे, कारण तिच्यातील शिशाला भाव होता. २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्यांवर जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन घातले, तेही शिसे-आम्ल बॅटरीपुरतेच.

७/१४
पेन्सिल सेलला मात्र भंगारात किंमत नव्हती. ट्रान्झिस्टर, विजेरी, घड्याळ यांतले सेल भाजीच्या देठांबरोबर एकाच डब्यात गेले. घराघरांतून ते वेगळे गोळा करण्याची सार्वत्रिक व्यवस्था नव्हती. ज्याला भाव होता ते भंगारवाल्याकडे गेले. ज्याला नव्हता ते क्षेपणभूमीकडे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढचे सारे कायदे याच फटीशी झगडतात.

८/१४
गोराईची क्षेपणभूमी १९७२ ते २००७ अशी ३५ वर्षे चालली. सुमारे १९.६ हेक्टर जागा, खाडीचा काठ, शेजारी खारफुटी आणि सुमारे २३ लाख टन कचरा. नंतर तो ढीग शास्त्रीय पद्धतीने झाकण्यात आला व आतील वायू काढण्यासाठी नळ्या बसवल्या. मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाली. ढीग झाकता येतो. त्यात मिसळलेले सेल पुन्हा वेचता येत नाहीत.

९/१४
मालाडच्या चिंचोली बंदरची कथा तर विलक्षण आहे. तेथील जुन्या कचराभूमीवर कार्यालयांच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या आणि काही वर्षांतच संगणक वारंवार बिघडत असल्याच्या तक्रारी आल्या. संशय गेला पायाखालून झिरपणाऱ्या वायूंवर. कुजणाऱ्या कचऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो तांबे व चांदी यांवर काजळी चढवतो आणि जोडण्या निकामी करतो. गाडलेल्या कचऱ्याने नवा ई-कचरा जन्माला घातला!

१०/१४
दुसरी वाट साकीनाका, कुर्ला, जोगेश्वरीच्या भंगार गल्ल्यांची. तेथे जुने संगणक हाताने सुटे केले जातात; चालणारा भाग पुन्हा बाजारात जातो. हे कौशल्य मोठे, पण असंघटित व्यवसायात तांब्यासाठी तारा जाळणे, सोन्यासाठी आम्ल वापरणे अशा पद्धतीही देशभर रुजल्या. त्यांचा धूर आधी त्या कामगाराच्याच फुप्फुसात जातो.

११/१४
जगातही हेच घडत होते. श्रीमंत देशांचा घातक कचरा गरीब देशांच्या किनाऱ्यांवर उतरवला जाऊ लागला, तेव्हा १९८९ मध्ये बासेल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. ‘आपला कचरा वेशीबाहेर’ ही प्लेगकालीन मुंबईची युक्ती येथे राष्ट्रांच्या पातळीवर दिसते.

१२/१४
२००५ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार टन ई-कचरा निघत होता. राज्यांत महाराष्ट्र पहिला, शहरांत मुंबई पहिली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील खासदार विजय दर्डा यांनी राज्यसभेत ई-कचऱ्यावर खासगी विधेयक मांडले. प्रत्यक्ष नियम २०११ मध्ये आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले.

१३/१४
या नियमांचे मूळ तत्त्व एकच : जो वस्तू बनवतो, त्याने तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी. २०२२ च्या बॅटरी नियमांनी ते सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लावले, अगदी पेन्सिल सेललाही. बाजाराने ज्याला भाव दिला नाही, त्याची जबाबदारी कायद्याने कोणावर तरी टाकली. सेलवरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह हेच सांगते.

१४/१४
आपल्या हाती काय? संपलेले सेल वेगळ्या डब्यात साठवा, लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नका आणि सारे अधिकृत संकलन केंद्रातच द्या. आणि एक विनंती : तुमच्या भागातील मैदान, बाग वा वसाहत पूर्वी कचराभूमी होती का, हे घरातील ज्येष्ठांना विचारा आणि खाली लिहा. उपनगरांचा हा नकाशा अजून अपुरा आहे.