तलावातल्या मासोळीचा धनी कोण?

पूर्व विदर्भातल्या नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल या पट्ट्यात धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला तलाव असतोच, आणि तलाव असला की त्यात जाळे पडतेच. बांधीला पाणी कुणी आणि कधी घ्यायचे याचे नियम गावागावांत पक्के आहेत. त्याच पाण्यातल्या मासोळीचा धनी मात्र राज्य बदलले की बदलत गेला. त्या मालकीचा हा मागोवा.

परंपरा सांगते की चांद्याच्या गोंड राजांनी दवंडी पिटवली: जंगल साफ करून जो तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल. या भागात तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. हे सारे खटाटोप धानासाठी होते, मासोळी तलावात आपसूक आली. पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की मरळ, मागूर आणि कितीतरी लहान जाती उलट्या प्रवाहाने उथळ पाण्यात, बांध्यांत चढत, तिथे अंडी घालत. पाणी ओसरताना पिल्ले तलावाला मिळत. पेरणी नाही, बियाण्याचा खर्च नाही. जाळे टाकण्याचे काम ढिवरांचे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला. त्यात या समाजाची मासेमारीसोबत पाणी भरणे, पालखी वाहणे आणि तलावात शिंगाडा लावणे अशी कामे नोंदलेली आहेत. म्हणजे ढिवराचा तलावाशी संबंध नुसत्या माशापुरता नव्हता.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि पुढच्या जमाबंदीत मालगुजार गावाचे मालक ठरले. तलावही त्यांचा. गावाच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात उतरल्या. मालक एक, वापरणारे अनेक, आणि दोघांमध्ये रूढी, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात ढिवर दुबळाच होता, पण तलाव एकसंध होता. पाळ फुटली तर धानवाला आणि जाळेवाला दोघेही बुडत.

माशाकडे सरकारची नजर वळली ती याच काळात. फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराने भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातील मासेमारीचा अहवाल १८७३ साली दिला. बारीक आसाची जाळी, विष आणि सापळे यांमुळे पिल्ले संपत आहेत, ही त्याची तक्रार. पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरले. मासा संपू शकतो, हे सरकारी कागदावर आले.

खरा तुकडा पडला तो १९५१ साली. तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आजचे मामा तलाव. महाराष्ट्र झाल्यावर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पाणी एका टेबलावर, मासोळीचा ठेका दुसऱ्या टेबलावर, आणि पाळीची डागडुजी कुणाच्याच नाही. ढिवरांनी सहकारी संस्था काढल्या, ठेके घेतले. मालगुजाराची मर्जी गेली हे चांगलेच झाले, पण तिच्या जागी मुदतीचा करार आला. मुदत संपल्यावर तलावाचे काय, हे करार विचारत नाही.

त्याच सुमारास मत्स्यविज्ञानाने मोठी मजल मारली. कटला, रोहू, मृगळ भराभर वाढतात, पण त्यांना वीण घालायला नदीच्या पुराचे वाहते पाणी लागते, साठलेल्या तलावात ते अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून त्यांची वीण घडवली. मत्स्यजिरे आणि बोटुकली, म्हणजे माशांचे बियाणे, विकत मिळू लागली. उत्पादन वाढले, यात वाद नाही. पण आता दरवर्षी बियाणे विकत घ्यायचे, त्यासाठी पैसा उभा करायचा आणि तो वसूल व्हावा म्हणून बाकीचे मासे काढून टाकायचे. मरळ बोटुकली खाते, म्हणून मरळ वैरी. त्यावर शास्त्रीय उपाय मोहाच्या पेंडीचा. तिच्यातल्या सॅपोनिनने तलावातले मासे मरतात, नंतर तीच पेंड खत होते. जे काम १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, त्याचीच सुधारित आवृत्ती मत्स्यशेतीच्या पुस्तकात शिफारस होऊन आली.

याच काळात दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राने उलटा धडा घेतला. दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती १९६९-७० च्या एकाच हंगामात एका जातीचे सुमारे ४ लाख टन मासे उपसले गेले आणि तो साठा कोसळला. १९८२ साली लागू झालेल्या अंटार्क्टिक सागरी जीवसंपदा संवर्धन कराराने म्हणून वेगळा प्रश्न विचारला: हा जीव आणखी कुणाचे अन्न आहे? क्रिल या कोळंबीसारख्या लहान जिवाच्या मासेमारीची मर्यादा ठरवताना देवमासा आणि पेंग्विन यांचा घास आधी बाजूला ठेवायचा. भारत या कराराचा सदस्य आहे. सातासमुद्रापलीकडे मान्य केलेले हे तत्त्व आपल्या तलावाच्या ठेक्यात मात्र उतरले नाही.

उत्तर अगदी दूर नाही. शेजारच्या भंडारा-गोंदियात ढिवरांनीच तलावातली बेशरम नावाची झुडपे उपटली, पाणवनस्पती परत लावल्या आणि स्थानिक जातींना आसरा दिला. कायदाही हळूहळू गावाकडे सरकला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातले लहान जलाशय पंचायतीच्या पातळीवर सोपवायला सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. २००९ साली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो याच कायद्याखाली. अडचण अशी की तलावांनी भरलेला नागभीड-सिंदेवाहीचा पट्टा अनुसूचित क्षेत्राबाहेर आहे, आणि गावठाणालगतचा तलाव वनजमिनीत मोडत नाही. तिथे अजून ठेक्याचेच राज्य आहे.

म्हणून ग्रामसभांना आणि मच्छीमार संस्थांना एकच विनंती. दावा किंवा ठेका लिहिताना हेक्टर आणि रुपये यांच्याबरोबर तलावातल्या स्थानिक जातींची यादी, त्यांचा विणीचा काळ आणि त्या काळातली जाळेबंदी हेही लिहा. ही माहिती ढिवरांच्या बाया-माणसांकडे तोंडपाठ आहे. ती कागदावर नसेल, तर तलावाची किंमत ठेक्याच्या रकमेइतकीच धरली जाईल.