राबापासून गोळीपर्यंत

हिंजवडी आज संगणक कंपन्यांसाठी ओळखली जाते, पण गाव मुळशी तालुक्यातलं आणि मुळशी भाताची. इथून पश्चिमेला ताम्हिणीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो आणि शेतकऱ्याची एक जुनी अडचणही वाढते: खत पिकाला लागण्याआधीच पाण्याबरोबर निघून जातं.

राब हा त्यावरचा पूर्वापार उपाय. रोपं जिथे करायची तिथे उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या, गवत आणि वर माती असे थर रचून भाजायचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह १९१२ मध्ये या पद्धतीवर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. राखेतलं पालाश पाण्यात चटकन विरघळतं, तणाचं बी जळतं आणि भाजलेल्या मातीतला नत्रही कोवळ्या मुळांना घेता येतो. खत सगळ्या रानाला न देता मोजक्या वाफ्याला, ऐन वेळी देणं हे राबाचं खरं शहाणपण. राबापायी झाडं मात्र फार तुटली.

पुढे युरिया आला. २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात तो किलोभराहून जास्त विरघळतो. हा गुण भरल्या खाचरात नडतो. फोकलेला युरिया काही दिवसांतच अमोनियात बदलतो. त्यातला बराच हवेत उडतो, काही पाण्याबरोबर वाहतो. पिकाच्या हाती अनेकदा निम्माही लागत नाही.

डॉ. नारायण सावंत यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात त्यांनी मोठ्या दाण्याच्या युरियावर काम केलं आणि महाराष्ट्रासाठी चारसूत्री भातशेती मांडली. भाताचा पेंढा व तुसाची राख जमिनीला परत देणं, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया व डीएपी (स्फुरद देणारं खत) यांच्या गोळ्या ही ती चार सूत्रं. गोळी साधारण २.७ ग्रॅमची. १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने लावणी करायची आणि चार चुडांच्या (रोपांच्या पुंजक्यांच्या) मधोमध एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. मोठ्या गोळीचा पाण्याशी संपर्क वजनाच्या मानाने कमी, म्हणून ती सावकाश विरघळते. त्याहून मोलाची आहे ती खोली. तिथल्या चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे युरियापासून झालेल्या अमोनियमचं नायट्रेट न होता ते मातीच्या कणांना धरून राहतं. डीएपीतला स्फुरद तर जमिनीत फारसा हलतच नाही, तो मुळाशीच ठेवावा लागतो.

मोठा दाणा सगळीकडे चांगला असंही नाही. रॉक फॉस्फेट हे स्फुरदाचं खनिज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते बारीक दळून आम्ल जमिनीत मिसळलं, तरच पिकाला मिळतं.

हेक्टरी साधारण ६२,५०० गोळ्या लागतात. लावणीच्या घाईत त्या एकेक करून हाताने खोचायला माणसं हवीत. गोळीच्या प्रसारात रसायनशास्त्राची आडकाठी कधीच नव्हती, अडचण आहे ती या मजुरीची.