संकरित गाय आणि घरचा हिशेब

देशावर पूर्वी गाय पाळीत ती बैलासाठी. खिलार गाईला खोंड झाला की घरात आनंद. दूध वासराला पाजून उरेल तेवढे. दुधाला म्हैस होतीच. हा हिशेब बदलण्यात उरुळीकांचनचा वाटा मोठा. गांधीजींबरोबर १९४६ साली तेथे आलेले मणिभाई देसाई आधी गीर गाई सांभाळीत. १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ संस्था काढली, आणि पुढे जर्सी, होल्स्टीन वळूंचे गोठविलेले रेत शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचले. वळू पोसावा लागला नाही; दोन गाईंचा धनीही डेअरीत दूध घालू लागला.

मेख पुढेच आहे. संकरित खोंडाचे वशिंड बेताचे, उन्हात तो धापा टाकतो. त्याला औताला कोण जुंपणार? म्हणजे पूर्वी बैल जो खर्च फेडीत असे, तो सगळा दुधावर आला. तेव्हा रोजच्या लिटरांवर भुलू नका. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंतची वही मांडा : पेंड, वैरण, डॉक्टर, भाकडकाळ. गाय वेळेवर गाभण राहिली नाही, तर पुढचा प्रत्येक महिना अंगावर येतो. आणि पहाटे उठून शेण काढणाऱ्या घरच्या बाईची मजुरी? ती मला अजून कुणाच्या वहीत दिसलेली नाही.