उघडा कारभार, झांकलेलें मत

१८७२ च्या कायद्यापूर्वीं इंग्लंडांतील मतदारास आपलें मत चारचौघांसमक्ष तोंडानें सांगावें लागे. समोर जमीनदार उभा असतां कूळ काय सांगणार, हें उघड आहे. तरीहि जॉन स्टुअर्ट मिल्लसारखा स्वातंत्र्याचा कैवारी उघड मतदानाच्याच पक्षाचा होता. मत ही लोकांची ठेव आहे. ज्यांस मताधिकार नाहीं त्यांनाहि ती कशी वापरली जाते हें दिसलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. हाच वाद पुढें दीडशें वर्षांनीं संगणकतज्ज्ञांच्या एका मंडळांत पुन्हां उपस्थित झाला.

हें मंडळ म्हणजे डेबियन. ईअन मर्डॉक या अमेरिकेंतील विद्यार्थ्यानें १९९३ सालीं त्याचा पाया घातला. लिनक्सवर आधारलेली एक संपूर्ण संगणक-प्रणाली देशोदेशींचे स्वयंसेवक येथें मिळून रचतात, व तिचा मूळ कोड वाटेल त्यास वाचावयास आणि बदलावयास मोकळा असतो. ‘ओपन सोर्स’ म्हणतात तें हेंच. १९९७ च्या ‘सामाजिक करारां’त मंडळानें आपले दोष लपविणार नाहीं असें वचन दिलें, आणि दोषांची नोंदवही सर्वांस खुली ठेविली. पुढच्याच वर्षीं घटना झाली. प्रमुखाच्या निवडणुकींतील मतें गुप्त. परंतु इतर ठरावांवर कोणीं कोणता पर्याय पसंत केला, हें नांवनिशीवार प्रसिद्ध होई.

एक खोली मात्र बंद होती. सभासदांचा आपसांतील खासगी पत्रव्यवहार तीन वर्षांनीं खुला करावा, असा ठराव २००५ सालीं झाला. पण तें किचकट काम अंगावर घेण्यास कोणी पुढें आलें नाहीं, आणि २०१६ सालीं तो ठरावच मागें घेण्यांत आला. अमलांत न येणारें वचन कागदावर मिरविण्यापेक्षां हा कबुलीजबाब आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

खरा प्रसंग आला २०२१ मध्यें. रिचर्ड स्टॉलमन फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले, त्यावर डेबियननें मत द्यावें काय, हा प्रश्न होता. वातावरण इतकें तापलें कीं नांव जाहीर झाल्यास आपला छळ होईल, अशी भीति कित्येकांस वाटूं लागली. अखेर मंडळानें कांहींच निवेदन न करण्याचें ठरविलें. आणि २०२२ सालीं सर्वच ठरावांच्या मतदानांत नांवें झांकण्याचा निर्णय झाला. मतांचा तक्ता प्रसिद्ध होतोच. प्रत्येकास मिळालेल्या गुप्त खुणेवरून आपलें मत त्यांत सांपडतें, व मोजणी कोणासहि पडताळतां येते.

मिल्लचा आक्षेप येथें अधिकच लागू पडतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ही प्रणाली वापरणारे असंख्य, आणि मत देणारे मूठभर. परंतु कुळापुढें जमीनदार एकच होता, व तो माहितीचा होता. येथें जगाच्या कोणत्या कोपऱ्यांतून कोण उठेल याचा नेम नाहीं, आणि एकदां प्रसिद्ध झालेलें नांव कधीं पुसलें जात नाहीं. आम्हीहि त्या निर्णयाच्या बाजूनेंच हात वर केला असता. जड अंतःकरणानें, इतकेंच. ठराव मांडणारा आणि त्यास अनुमोदन देणारा यांचीं नांवें मात्र पूर्वींप्रमाणेंच जाहीर होतात.