हरवलेली बॅग आणि हेमिंग्वेच्या चार पत्नी

डिसेंबर १९२२. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावर हॅडली लोझानला जाणाऱ्या गाडीत चढली आणि तिची एक बॅग चोरीस गेली. तीत तिचा पती अर्नेस्ट हेमिंग्वे याचे बहुतेक सारे अप्रकाशित लेखन होते, कार्बन प्रतींसुद्धा! त्याला तिकडे काम करता यावे म्हणून तिनेच ते सोबत घेतले होते.

हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे तो हेमिंग्वेच्या लेखणीतून. त्याच्या पॅरिसच्या आठवणी मृत्यूनंतर, १९६४ साली प्रसिद्ध झाल्या. संपादनात चौथी पत्नी मेरी हिचा हात होता. पुढे २००९ साली दुसरी पत्नी पॉलिन हिच्या नातवाने त्यांची नवी आवृत्ती काढली आणि पॉलिनविषयीचा वगळलेला मजकूर परत आणला. म्हणजे कादंबरीकार येण्यापूर्वीच या घराण्यात भूतकाळाचे पुनर्लेखन सुरू झाले होते.

मग पॉला मॅक्लेन यांनी 'द पॅरिस वाइफ' (२०११) हॅडलीच्या तोंडून सांगितली, तर नेओमी वुड यांनी 'मिसेस हेमिंग्वे'मध्ये (२०१४) चौघींनाही स्थान दिले. तिसरी पत्नी मार्था गेलहॉर्न हिला हे कितपत रुचले असते? ती स्वतः नामांकित युद्धवार्ताहर. जून १९४४ मध्ये इस्पितळ-जहाजाच्या शौचालयात लपून ती नॉर्मंडीला पोहोचली. दुसऱ्याच्या चरित्रातील तळटीप होणे तिला कधीच मान्य नव्हते.

मित्रांनो, या कादंबऱ्या अवश्य वाचा. फक्त ध्यानी असू द्या, फलाटावरच्या हॅडलीच्या मनातले विचार मॅक्लेन यांचे आहेत. बॅग मात्र खरी होती, आणि ती आजतागायत सापडलेली नाही.