मोफत आणि मुक्त : ग्रंथालयांच्या संगणकप्रणाली

भोपाळ येथील माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय ही जुनी वृत्तपत्रे व नियतकालिके जतन करणारी संस्था विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ मध्ये स्थापन केली. सप्रे (१८७१–१९२६) मराठी घराण्यातले, पण त्यांची लेखणी हिंदीची. ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत आणले. त्यांचे नाव मराठीत ‘माधवराव’ असे जोडून, तर हिंदीत पुष्कळदा ‘माधव राव’ असे तोडून लिहिले जाते. रोमन लिपीत त्याचे आणखी एक रूप होते. वाचकाच्या दृष्टीने व्यक्ती एकच असली, तरी संगणकाला ती तीन माणसे वाटतात. त्यामुळे पुस्तक कपाटात असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही.

ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत खरेदी, तालिकीकरण, देवघेव, नियतकालिकांची नोंद आणि वाचकांसाठीची शोधसूची असे विभाग असतात. ‘प्रमाण नोंदी’ची सोय असल्यास एका नावाची सर्व रूपे परस्परांशी जोडता येतात. मात्र ती जोडणी जाणत्या ग्रंथपालालाच करावी लागते.

मुक्त प्रणालींमध्ये ‘कोहा’ सर्वाधिक परिचित आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखा हाताळण्यास असमर्थ होती. म्हणून न्यासाने १९९९ मध्ये ‘काटिपो’ या स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली करून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, परतफेडीची जाणीव ठेवून दिलेली. हैदराबादमध्ये घडलेली ‘न्यूजेनलिब’ २००८ मध्ये मुक्तस्रोत झाली.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या शब्दांतला भेद येथे महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली शासकीय ग्रंथालयांना परवाना शुल्काविना मिळते; परंतु तिची स्रोतसंहिता खुली नाही. कोहाची संहिता कोणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो. अर्थात मुक्त प्रणालीलाही सर्व्हर, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च असतोच.

ग्रंथालये एकमेकांशी जोडायची, तर नोंदींचा साचा समान हवा. ‘मार्क २१’ या साच्यात लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या आणि शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात येते. दुसऱ्या लिपीतील रूपासाठी ८८० हा रकाना आहे. ‘झेड३९.५०’ या संकेतप्रणालीमुळे एका ग्रंथालयातून दुसऱ्याची सूची शोधता येते आणि तयार नोंद उतरवून घेता येते. त्यामुळे तेच पुस्तक प्रत्येक ठिकाणी नव्याने नोंदवण्याचे श्रम वाचतात. प्रणाली बदलण्याची वेळ आली, तरी प्रमाण साच्यातील नोंदी सोबत नेता येतात.

गोव्याला हा प्रश्न परका नाही. १८३२ चा वारसा सांगणाऱ्या पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज ग्रंथ एकत्र नांदतात. तेथेही एकच नाव दोन लिपींत आढळू शकते. भोपाळ आणि पणजी यांच्या नोंदी एकाच साच्यात आल्या, तर पणजीतल्या अभ्यासकाला भोपाळचा अंक बसल्या जागी शोधता येईल. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एका सूत्राचा आशय. प्रणाली कोणतीही निवडली, तरी तिची कसोटी हीच राहते.