पोटठेकेदाराच्या जामिनाची कुळकथा

खासगी इमारतीच्या मालकाने मजुरी बुडवली, तर अमेरिकेतले सुतार-गवंडी त्या मालमत्तेवरच बोजा चढवू शकतात. मेरीलँड राज्याने हा हक्क 1791 मध्ये कायद्यात आणला. वॉशिंग्टन शहर तेव्हा उभं राहायचं होतं आणि त्यासाठी कारागिरांना पैशांची खात्री हवी होती. पण सरकारी मालमत्तेवर असा बोजा चढत नाही. पोस्टाची इमारत खडीवाल्याच्या थकबाकीपायी लिलावात काढता येत नाही. त्यामुळे मुख्य ठेकेदाराने हात वर केले की मजूर आणि माल देणारे उघड्यावर पडत.

यावर 1894 मध्ये हर्ड कायदा आला. केंद्र सरकारचं काम घेणाऱ्याने जामीन द्यायचा आणि त्यातूनच मजूर व पुरवठादारांचीही देणी भागवायची, असा तो कायदा होता. हेतू चांगला होता, पण जामीन एकच आणि दावेदार दोन. 1905 च्या दुरुस्तीने तर सरकारला अग्रक्रम दिला. आधी सरकारचं नुकसान भरून निघणार, उरलं तर बाकीच्यांना. शिवाय काम पुरं होऊन अंतिम हिशेब झाल्यावर सहा महिने सरकारने दावा केला नाही, तरच पुरवठादाराला कोर्टाची पायरी चढता येई. ज्याचं घर आठवड्याच्या मजुरीवर चालतं, त्याने तोवर खायचं काय?

म्हणून या हक्काचा खरा जन्म मी 1935 चा मानतो. त्या वर्षीच्या मिलर कायद्याने जामीन दोन केले. काम पुरं करून देण्याचा जामीन सरकारसाठी, आणि पैसे चुकते करण्याचा जामीन मजूर-पुरवठादारांसाठी. शेवटचं काम केल्यापासून किंवा शेवटचा माल दिल्यापासून 90 दिवसांत पैसे आले नाहीत, तर थेट दावा लावता येतो. मात्र वर्षाच्या आत. मुख्य ठेकेदाराशी करार नसून पोटठेकेदाराशी असेल, तर त्याच 90 दिवसांत मुख्य ठेकेदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. ही नोटीस चुकली की हक्क गेला.

साखळी मात्र कुठेतरी तुटते. न्यू जर्सीतल्या लिंडेनजवळच्या सरकारी घरबांधणीत एका कंपनीने माल दिला होता, पण ठेकेदाराच्या नुसत्या पुरवठादाराला. पैसे थकले. 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला जामिनाबाहेर ठेवलं. माल तर त्याच घरांसाठी आला होता. मला हा निकाल कठोर वाटतो.

आपल्याकडे सरकारी कामात ठेकेदाराची अनामत आणि बँक गॅरंटी असते, पण ती खात्याच्या बचावासाठी. पोटठेकेदाराला तिच्यावर दावा सांगता येत नाही. टेंडरच्या अटी ठरवणाऱ्यांनी तो दुसरा जामीन आपल्याही कामांत मागावा.